फिल्ममध्ये काय आलं?

कुंडलमध्ये खांदा हा खासगी अवयव नाही. दोघांत वरचढ कोण हे ज्या गावात ‘कुणाचे दोन्ही खांदे मातीला लागले’ यावरून ठरतं, तिथं खांद्यावर एकट्या मालकाचा हक्क राहत नाही. आमच्या मैदानाला महाराष्ट्रभरातून मल्ल येतात आणि हजारो माणसं ऊन डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या खांद्यांकडे टक लावून बसतात. त्यामुळं कंबर दुखते म्हणणाऱ्याला गाव बसायला पाट देतं, गुडघा दुखतो म्हणणाऱ्याला तेल सुचवतं. खांदा दुखतो म्हणणाऱ्याची मात्र चौकशी लागते. कुठं पडलास? कुणी पाडलं? कुठल्या डावावर?

या चौकशीला इतिहासाचा आधार आहे. कुंडल औंध संस्थानातलं गाव. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. स्वतः रोज घालायचे, त्यावर पुस्तक लिहिलं आणि संस्थानातल्या शाळांत पोरांना ते सक्तीचे केले. बाकीच्या संस्थानांत सरकारचं लक्ष रयतेच्या खिशाकडे असायचं, आमच्या सरकारचं खांद्याकडे होतं. पुढं १९३९ साली याच राजानं राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवला. आधी खांदे तयार करून घेतले आणि मग त्यांच्यावर जबाबदारी टाकली, असा हा हिशेबी माणूस.

जबाबदारी टाकल्यावर कुंडलनं ती जरा जास्तच मनावर घेतली. १९४३ पासून सातारा जिल्ह्यात इंग्रजांना डावलून लोकांचं प्रतिसरकार चाललं, तेव्हा त्याच्या तुफान सेनेचं मोठं केंद्र आमच्या गावात होतं. तिचे पुढारी जी. डी. बापू लाड आमच्याच गावचे. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेचा पगार नेणारी गाडी अडवली गेली, तीही इथल्याच लोकांच्या पुढाकारानं. प्रतिसरकारची गावोगाव न्यायमंडळं होती. बांधाचे, सावकारीचे, सासुरवासाचे निवाडे लोकच करत. इंग्रज गेले, प्रतिसरकारचं काम संपलं, निवाडा द्यायची सवय तेवढी राहिली. आता बांधाचा निवाडा तहसीलदार करतो म्हणून हाताला काम नाही. ती उणीव अलीकडं एमआरआयनं भरून काढली आहे.

खांदा दुखायला आमच्याकडे कारणांची टंचाई नाही. तरुणपणी तालीम असते. मधल्या वयात ऊस असतो. कारखाना गावातच, त्यामुळं मोळ्या उचलणाऱ्याला लांब जावं लागत नाही. आणि पलूस-तासगाव पट्ट्यात द्राक्षबाग म्हणजे जन्मभर हात वर. वेलीचा मांडव डोक्याच्या वर असतो. खरड छाटणी वर बघून, फळछाटणी वर बघून, शेंडे खुडायचे वर बघून, मण्यांची विरळणी वर बघून, घड औषधात बुडवायचे तेही हात वर करून. एवढा वेळ हात वर धरून पोलिसांपुढंसुद्धा कुणी उभं राहत नाही.

पूर्वी या दुखण्याच्या तपासाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. पहिल्या दिवशी ‘थंडी बसली असंल’. मग रुईचं पान तापवून बांधायचं. मग निरगुडीच्या पाल्याचा शेक. मग वस्ताद. वस्ताद हात धरून असा हिसका देत की खांद्याचं दुखणं राहो न राहो, तक्रार राहत नसे. मग मेडिकलमधली गोळी, मग इंजेक्शन, मग फोटो. फोटो म्हणजे एक्सरे. एक्सऱ्यात हाड दिसतं, आणि हाड बहुधा ठणठणीत असतं. डॉक्टर म्हणायचे, “हाडाला काही झालेलं नाही.” हे वाक्य ऐकून आनंद झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. चेहरा पडतो. कारण घरी गेल्यावर पहिला प्रश्न येतो, “फोटोत काय आलं?” आणि ‘काय न्हाय’ म्हटलं की पुढचं वाक्य तयार असतं, “मग ऊठ की, बागंत चल.”

सगळी मेख इथं आहे. दुखणं दिसत नाही. सूज दिसते, प्लास्टर दिसतं, कुबडी तर लांबूनच दिसते. खांद्याचं दुखणं ज्याचं त्यालाच माहीत. कष्टाच्या गावात ‘दुखतंय’ म्हणणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो, आणि आजच्या घडीला सगळ्यात मोठा, सगळ्यात महाग आणि पिशवीत घालून मिरवता येणारा पुरावा म्हणजे एमआरआयची फिल्म. डॉक्टर तो निदानासाठी लिहून देतात. पेशंट तो साक्षीला नेतो.

आमच्या घरात या साक्षीचा मान नानांना मिळाला. नाना माझे चुलते, द्राक्ष बागायतदार. विरळणीच्या ऐन हंगामात उजवा खांदा धरला. एमआरआयत स्नायूचा टोकाकडचा दोर अर्धवट फाटलेला आला. खांद्याभोवती चार स्नायूंचा वेढा असतो, रोटेटर कफ म्हणतात त्याला; त्यातला सगळ्यात वरचा, सुप्रास्पायनॅटस नावाचा, सगळ्यात जास्त झिजतो. नानांना हे नाव पाठ व्हायला चार दिवस लागले, पण त्यानंतर त्यांनी ते एकदाही चुकू दिलं नाही. पारावर बसून ते म्हणायचे, “माझा सुप्रा गेलाय,” आणि ऐकणारे घरातलं माणूस गेल्यागत गप्प व्हायचे. डॉक्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की काही दिवस हात वर करून काम करू नका, व्यायाम करा, कंबरेच्या उंचीची कामं खुशाल करा. यातलं शेवटचं वाक्य नानांनी घरात सांगितलं नाही.

काकींचं दुखणं नानांच्याही आधीचं. डावा खांदा. आधी नुसता ठणका, रात्री त्या कुशीवर झोपवेना. मग हळूहळू हात अडायला लागला. अंबाडा घालता येईना, ब्लाउजचा हूक लागेना, फडताळातला डबा निघेना. आजी म्हणायची, “आमचंबी दुखायचं. आमी सांगत न्हवतो, येवढंच.” आजीच्या म्हणण्याला उलटतपासणी नसते. काकी एका हातानं कळशी उचलत राहिल्या. शेवटी नानांच्या फिल्मनं वाट करून दिली. एका घरात एक फिल्म आली की दुसरीला वेळ लागत नाही.

कुंडलहून एमआरआयला जायचं म्हणजे सांगली, कराड किंवा मिरज. आमच्या घराण्याचा कल मिरजेकडे. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतला आणि कर्नाटकातला रोगी मिरजेची वाट धरतो. पेशंट एक असला तरी गाडी भरून जाते. काकी पेशंट म्हणून, नाना नवरा म्हणून, आजी देखरेखीला, मी वाचता येतं म्हणून, आणि आबा, म्हणजे नानांचे थोरले भाऊ, जुने पैलवान, ‘बघू तरी’ म्हणून.

सेंटरात आधी एक फॉर्म असतो. शरीरात पेसमेकर आहे का? रॉड, स्क्रू, क्लिप? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? हा शेवटचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला विचित्र वाटत असेल. आमच्या भागात तो अगदी रास्त आहे. औंधच्या राजानंच १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, तिथं लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला आणि पुढं स्टेशनाचं नावसुद्धा किर्लोस्करवाडी झालं. पिढ्यान्‌पिढ्या लेथवर उभ्या राहिलेल्या माणसांचा हा टापू. चुंबकापुढं गेल्यावर डोळ्यातला तो जुना कण हलला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून हा प्रश्न. आबांनी उत्तर दिलं, “डोळ्यात माती गेलीया. लई येळा. चालंल का?”

मग धातू उतरवायचा कार्यक्रम. यंत्र लोखंडाला ओढतं आणि बाकीच्या धातूंमुळंही चित्र बिघडतं, चटका बसू शकतो, म्हणून अंगावर काहीच ठेवायचं नाही. पाटल्या निघाल्या, डूल निघाले. जोडव्यांना साबण लावावा लागला. मंगळसूत्रापाशी आजी उभी राहिली. “ते न्हाय निघायचं. नवरा जिता हाय तिचा.” जिता नवरा शेजारीच होता, त्याच्या संमतीला किंमत नव्हती. शेवटी आजीनं पिशवीतून काळ्या दोऱ्यातले काचमणी काढून काकींच्या गळ्यात बांधले आणि मंगळसूत्र नानांच्या हातात दिलं. पुढचा अर्धा तास नाना बाहेरच्या बाकड्याजवळ बायकोचं मंगळसूत्र, जोडवी आणि पाटल्या ओंजळीत धरून उभे होते. येणारा-जाणारा त्यांच्याकडे बघून थबकायचा. एक परका गृहस्थ तर खांद्यावर हात ठेवून “धीर धरा” म्हणून गेला. नेमका दुखऱ्याच खांद्यावर ठेवला, त्यामुळं नानांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गृहस्थाची खात्री पटली.

हसण्यावारी नेऊ नये अशी गोष्ट यात एकच, ती म्हणजे दारावरची पाटी. पेशंट आत असो वा नसो, दिवे चालू असोत वा बंद, चुंबक चालूच असतो. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये एका पेशंटचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि सिलिंडरसकट खेचला जाऊन प्राणाला मुकला. म्हणून तिथला पोरगा दारात आडवा हात घालून ‘खिशात काय आहे’ विचारतो, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालायची नाही. आमच्या आजीचीसुद्धा पिन काढून घेतली त्यानं. तिनं दिली.

आजीला पडलेला प्रश्न वेगळा होता. “एक्सरे न्हाय, सुई न्हाय, मग आतलं दिसतं कसं?” वाचता येतं म्हणून मला नेलेलं असल्यानं सांगणं भाग होतं. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाण्यात हायड्रोजन. त्या हायड्रोजनचं केंद्र म्हणजे एक चिमुकला चुंबक असतो. एरवी हे सगळे जण वाट्टेल त्या दिशेला तोंड करून उभे. दवाखान्यातला नेहमीचा चुंबक दीड टेस्लाचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींच्या घरात. त्याच्यापुढं त्यातले काही जण मुकाट्यानं रांगेत येतात. मग एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडी खालची, साधारण ६४ मेगाहर्ट्झची लहर सोडून त्यांना ढोसायचं. लहर थांबली की ते पुन्हा जागेवर येतात आणि येताना स्वतः बारीक लहर सोडतात. ती पकडायची आणि कुणाची कुठून आली याचा हिशेब करून चित्र काढायचं. स्नायूचा दोर काळा दिसतो, साचलेलं पाणी पांढरं. काळ्या दोरात पांढरी चीर दिसली की समजायचं, फाटलंय.

आजी म्हणाली, “म्हंजे आतल्या पाण्याला दरडावून बोलतं करायचं.” एवढं नेमकं मला सांगता आलं नसतं.

या यंत्राच्या जन्माची कथा ऐकून आमच्या गावाला परकं वाटणार नाही. मानपानावरून भांडण तिथंही झालं. अमेरिकेतले पॉल लॉटरबर यांना ही चित्राची युक्ती १९७१ मध्ये एका हॉटेलात खाता-खाता सुचली. त्यांचा लेख ‘नेचर’नं आधी परत पाठवला, आग्रहानंतर १९७३ मध्ये छापला. रेमंड डमेडियन यांनी सबंध माणूस मावेल असं यंत्र बांधलं, नाव ठेवलं ‘इंडॉमिटेबल’, आणि पहिल्यांदा स्वतःच आत बसले. चित्र काही येईना. सहकाऱ्यांनी कारण काढलं, साहेबांचा घेर जास्त. मग एका सडपातळ विद्यार्थ्याला बसवलं आणि ३ जुलै १९७७ रोजी जवळजवळ पाच तास खटपट करून माणसाच्या छातीचं पहिलं चित्र मिळालं. २००३ मध्ये नोबेल मिळालं ते लॉटरबर आणि इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांना. डमेडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध नोंदवला. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “कुस्ती निकाली सोडवाय पायजे हुती.”

घेराचा प्रश्न आबांनाही आला होता. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून डाव्या खांद्यावर पडले, तेव्हा त्यांचा एमआरआय झाला. यंत्राचं भोक साधारण साठ सेंटिमीटरचं, नवीन असेल तर सत्तर. डोकं किंवा गुडघा बरोबर मध्यावर धरता येतो. खांदा मुळातच कडेचा, तो मध्याकडे आणायचा तर माणसाला तिरकं सरकवावं लागतं. आबांना सरकवायला दोघे जण लागले. सरकवणाऱ्यांनी कुठला डाव लावला आणि तो कसा चुकीचा होता, हे आबा अजून सांगतात.

आत गेल्यावर पेशंटचं काम एकच, हलायचं नाही. वीस-तीस मिनिटं हात अंगाशी धरून पडून राहायचं. यात मोठी गंमत आहे. ज्याचा खांदा उताणं झोपून ठणकतो म्हणून तो आला, त्यालाच उताणं झोपवून सांगायचं, ठणकू द्या पण हलू नका. त्यात आवाज. चुंबकाच्या आत तारांची वेटोळी असतात, त्यांतला विजेचा प्रवाह झटपट चालू-बंद होतो आणि दर झटक्याला ती वेटोळी हादरतात. कानात बोळे घालूनही तो ठोका डोक्यात बसतो. मुख्य चुंबकाच्या तारा वेगळ्या, त्या द्रवरूप हेलियमनं उणे २६९ अंशांपर्यंत गार ठेवलेल्या असतात. खोलीतही एसी. काकी बाहेर आल्यावर म्हणाल्या, “जन्मात पहिल्यांदा अर्धा तास कुणी हाक मारली न्हाय. बरं वाटलं.”

आणि मग रिपोर्ट. रिपोर्ट इंग्रजीत असतो, फिल्म काळी असते, आणि या दोन्हींमुळं गावात कुणालाही मत द्यायला अडचण येत नाही. पारावर फिल्म उन्हाकडे धरून बघतात. बहुतेक वेळा उलटी. नानांच्या फिल्मवर एका जाणत्यानं बोट ठेवलं, “ह्यो काळा डाग बघा.” दुसरा म्हणाला, “त्ये हाड हाय.” तिसऱ्याचा मेव्हणा मिरजेत कंपाउंडर, त्यामुळं त्याचं मत शेवटी घेतलं गेलं: “आप्रेशन.” लगेच विरुद्ध पक्ष उभा राहिला, “आप्रेशन केलं की हात गेलाच समजा.” मतदान झालं नाही इतकंच.

रिपोर्टात लिहिलेलं असतं तरी काय? सात-बाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो, त्यात आजोबांनी काढलेल्या सोसायटीच्या कर्जाची नोंदसुद्धा असते. कर्ज फिटून जमाना झालेला, नोंद कमी करायला कुणी गेलेलं नाही. खांद्याच्या रिपोर्टाचंही तसंच. इथं झीज, तिथं थोडं पाणी, अमुक दोर विरलेला, तमुक सांध्याला काटे. सगळ्या नोंदी खऱ्या. पण आज वसुलीला दारात कोण उभं आहे, म्हणजे आज दुखतंय ते यातल्या कुठल्या नोंदीमुळं, हे उताऱ्यावरून कळत नाही.

हे मी पदरचं सांगत नाही. १९९५ साली अमेरिकेत ९६ माणसांच्या खांद्यांचे एमआरआय काढले, आणि माणसं मुद्दाम अशी निवडली की ज्यांच्या खांद्याला काहीही त्रास नव्हता. तरी ३४ टक्क्यांच्या खांद्यात दोर फाटलेला निघाला. साठीच्या वरच्यांत तर ५४ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त म्हातारी माणसं फाटका खांदा घेऊन सुखानं हिंडत होती. तिथले नामवंत शल्यविशारद जेम्स अँड्र्यूज यांनी बेसबॉलचा चेंडू फेकणाऱ्या ३१ ठणठणीत खेळाडूंचे एमआरआय करून पाहिले; ८७ टक्क्यांच्या दोरांत काही ना काही बिघाड दिसला. दुखत एकाचंही नव्हतं. हीच पाहणी कुणी आमच्या मैदानाच्या दिवशी मल्लांवर आणि दुसऱ्या दिवशी मांडवाखाली बागायतदारांवर केली, तर फाटलेले किती यापेक्षा न फाटलेला एखादा सापडतो का, याची उत्सुकता राहील.

पण अमेरिकेला कशाला जायचं? आबा घरातच आहेत. त्यांच्या रिपोर्टात डावा दोर आरपार तुटल्याची नोंद आहे. तेव्हा ऑपरेशनचा विचार चालला होता. आबा म्हणाले, आधी मैदान होऊ दे. मैदान झालं, तोवर व्यायामानं हात वर जायला लागला. आजही सकाळी त्याच हातानं हलका करेला, म्हणजे लाकडी मुद्गल, फिरवतात. उरलेल्या स्नायूंनी काम वाटून घेतलं, असं डॉक्टर म्हणतात. आमच्या भाऊबंदकीत ही गोष्ट कुणाला जमलेली नाही.

आता काकींचा रिपोर्ट. नानांचा फाटलेला, आबांचा तुटलेला. आणि काकींचा? सांध्याभोवतीचं आवरण किंचित जाड, दोर शाबूत, बाकी ठीक. मी वाचून दाखवलं आणि गाडीत शांतता पसरली. घरात सगळ्यात जास्त हात काकींचा अडलेला आणि सगळ्यात किरकोळ फिल्म काकींची. आजी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “म्हंजे काय न्हाय.” साक्षीदार ऐनवेळी फितूर झाला होता.

त्या रिपोर्टाच्या तळाशी एक ओळ असते. ती प्रत्येक रिपोर्टात असते आणि कुणीही वाचत नाही. तिचा भावार्थ असा की आम्ही चित्र दिलंय, आता पेशंटला हात लावून बघा आणि दोन्हींचा मेळ घाला. ही ओळ वाचणारा डॉक्टर आम्हाला सुदैवानं भेटला. त्यानं फिल्म पाकिटातून काढलीच नाही. काकींना म्हणाला, “मावशी, हात मागं नेऊन पाठीला लावा.” हात कमरेच्या पुढंच अडला. मग त्यानं काकींचं कोपर अंगाशी धरलं आणि हात बाहेरच्या बाजूला वळवायला गेला. वळेना. काकींना वळवता येत नव्हता हे ठीक. त्यालाही वळवता आला नाही.

“शुगर आहे का?”

“हाय की. गोळी चालू हाय.”

“खांदा गोठलाय. फ्रोझन शोल्डर.”

नानांनी फिल्म पुढं सरकवली. “पर ह्यात तर काय आलं न्हाय.”

“यात कमीच येतं. हे हाताला कळतं.”

दोर फाटून हात अडला असेल, तर तो स्वतःहून वर जात नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर जातो. खांदा गोठला की कुणीही उचला, सांधाच जागा देत नाही. हा फरक पाच मिनिटांत, वीज न वापरता कळतो. सांधा झिजलाय का एवढं बघायला साधा एक्सरे पुरतो. मधुमेह असणाऱ्यांत आणि चाळिशी ते साठीच्या बायकांत हे दुखणं जास्त. आधी ठणका, मग अडणं, मग सावकाश सुटणं, आणि या सगळ्याला वर्ष ते तीन वर्षं. त्याला हे नाव बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं. हा गडी मोठा नामी. ऑपरेशन केलेल्या प्रत्येक पेशंटचं पुढं काय झालं याचं कार्ड ठेवायचा आणि इतर सर्जनांनीही ठेवावं म्हणायचा. सहकाऱ्यांची खिल्ली उडवणारं व्यंगचित्र त्यानं भरसभेत दाखवलं, त्यात पद गमावलं. कुंडलमध्ये जन्मला असता तर सरपंच झाला असता.

म्हणून एमआरआय निरुपयोगी असतो असं नाही. पन्नाशीचा माणूस पडला आणि त्यानंतर हात वर जाईना, तर तो लवकर काढावा. दोर आरपार तुटला असेल आणि शिवायचा असेल, तर स्नायू सुकून त्याची चरबी व्हायच्या आत शिवलेला बरा. तरुण मल्लाचा खांदा निखळून बसवला आणि पुन्हा-पुन्हा निखळू लागला, तर खोबणीची कड कुठं उखडली आहे हे पाहावंच लागतं. गाठ, जंतुसंसर्ग असली शंका असेल तरी तोच. आणि डावा खांदा दुखतोय, घाम सुटलाय, छाती भरून आलीय, अशा वेळी रुईचं पान आणि एमआरआय दोन्ही राहू द्यावं, कारण ते खांद्याचं नसून हृदयाचं असू शकतं. थोडक्यात, आधी प्रश्न ठरवावा, मग यंत्राला विचारावा. आम्ही यंत्राला विचारतो, “काय काय आहे?” ते बिचारं असेल नसेल ते सगळं सांगतं.

काकींना व्यायाम दिले. कॉडमनच्याच नावाचा एक आहे. पुढं वाकून दुखरा हात सैल सोडायचा आणि हळूहळू हेलकावत फिरवायचा. काकी अंगणात करायला लागल्या की बोळातून जाणारी प्रत्येक बाई थांबायची, “काय हरवलं गं? जोडवं का?” आणि दोघी-तिघी खाली वाकून शोधायला लागायच्या. दुसरा व्यायाम भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. पोरांनी तिथं पेन्सिलनं रोजच्या रोज रेघ मारायला सुरुवात केली. भिंत खराब होते म्हणून आजीनं तक्रार केली, मात्र रेघ वर सरकली की पहिली तीच सांगायची.

प्रश्न उरला होता कळशीचा. आजीच्या लेखी फिल्ममध्ये काही आलेलं नव्हतं, आणि फिल्ममध्ये न आलेल्या दुखण्याला आमच्या घरात सुट्टी नाही. काकींनी डॉक्टरांना दुसऱ्या खेपेला ते सांगितलं असावं, कारण त्यांनी या वेळी औषधाच्या चिठ्ठीमागं ठसठशीत मराठीत लिहून दिलं: ‘तीन महिने कळशी, बादली, पोतं उचलू नये. कणीक मळू नये.’ खाली सही केली आणि सहीवर गोल शिक्का मारला. मी तो कागद स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणला आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या माठावर लावला.

आजीनं मला तो मोठ्यानं वाचायला लावला. मग चष्मा वर करून विचारलं, “खाली शिक्का हाय?”

“आहे.”

“मग ऱ्हाऊ दे कळशी.”

काही हजारांची फिल्म जे करू शकली नाही, ते दहा रुपयांच्या लॅमिनेशननं केलं. तेव्हापासून आमच्या घरातली कळशी नाना उचलतात. त्यांच्या खांद्यात फाटलेलं आहे आणि ते फिल्ममध्ये स्पष्ट आलेलंही आहे. पण त्यांच्या कागदावर शिक्का नाही.